वाफशावरचं चाक

अमळनेरजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने तीन मित्रांबरोबर पैसे काढून एक जुनी मारुती ८०० घेतली. मागची सीट काढली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करून घेतला आणि कापूस उपटून रिकाम्या झालेल्या शेतात ट्रॅक्टर फिरवून गोल ट्रॅक आखला. मातीवरच्या शर्यतीत उतरायचं, पण खिशात पैसे थोडे. पहिल्याच दिवशी स्टीअरिंग पूर्ण फिरवूनही गाडी वळली नाही, सरळ बांधावर गेली. संध्याकाळी फोन आला, "मामा, रुंद टायर टाकू का?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. टायर रुंद म्हणजे पकड जास्त, असा समज आहे. दुसरीकडे शाळेत आपण शिकतो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, फक्त वरून दाबणाऱ्या वजनावर आणि पृष्ठभागांच्या जातीवर असतं. फ्रान्सच्या आमोंतोंने १६९९ साली मांडलेला हा नियम मी स्वतः कित्येक वर्षं फळ्यावर लिहिला. लाकूड, लोखंड, दगड यांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. मातीवरच्या टायरसाठी मात्र त्याला एक जोड द्यावी लागते. ती जोड मला इतकी आवडते की हा लेख मुख्यतः तिच्यासाठीच लिहितो आहे.

डांबरी रस्त्यावर रबर रस्त्याला धरतं. मातीत टायरचे गट्टू, म्हणजे वर उठलेले रबराचे ठोकळे, जमिनीत रुततात आणि गट्टूंच्या टोकांखाली मातीचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकायला बघतो. गाडी घसरते तेव्हा बहुतेक वेळा रबर मातीवरून सुटलेलं नसतं, माती मातीवरून सुटलेली असते. म्हणजे पकड किती मिळणार हे माती कातरायला किती जोर लागतो यावर ठरतं.

हे गणित कूलॉमने मांडलं. विद्युतभारांच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला हा शास्त्रज्ञ मुळात लष्करी इंजिनिअर होता. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना मातीच्या भिंती का ढासळतात हे त्याने जवळून पाहिलं आणि त्या अनुभवावरचा प्रबंध १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवला. तो १७७६ मध्ये छापला गेला. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा : मातीची ताकद दोन गोष्टींची बेरीज असते. एक, कणांचं एकमेकांवर घासणं. वरून जितकं वजन, तितकं हे जास्त. दोन, कणांचा आपसातला चिकटपणा. हा वजनावर नाही, क्षेत्रफळावर अवलंबून असतो.

आता तापीच्या पात्रातली कोरडी वाळू मुठीत घ्या. मूठ उघडली की ती सांडते, कारण तिच्यात चिकटपणा शून्य. आपली काळी माती ओलसर असताना मुठीत दाबा, लाडू होतो. ही माती दख्खनच्या बेसॉल्ट दगडाची झीज होऊन तयार झाली. तिच्यातले माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे कण पापुद्र्यासारखे असतात, पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्याही याच कारणाने, पाणी निघून गेल्यावर.

थोडं गणित करू. ड्रायव्हर धरून गाडी साधारण ७२० किलो, म्हणजे एका चाकावर सरासरी १८० किलो. टायरमध्ये तीसची हवा असेल, म्हणजे सुमारे २०७ किलोपास्कल, तर ते वजन पेलायला जमिनीला सुमारे ८५ चौरस सेंटिमीटर टायर टेकावा लागतो. तळहाताहून थोडा कमी. हवा अठरावर आणली तर हेच क्षेत्रफळ सुमारे १४० चौरस सेंटिमीटर होतं. टायरच्या भिंतींचा ताठपणा इथे सोडून दिला आहे, पण अंदाज यायला एवढं पुरे.

क्षेत्रफळ म्हणजे वजन भागिले हवेचा दाब. ते कूलॉमच्या बेरजेत घाला आणि सगळ्याला वजनाने भागा. वजन दोन्हीकडून उडून जातं आणि हाती उरतं : पकडीचं प्रमाण = घर्षणाचा गुणांक + (चिकटपणा ÷ हवेचा दाब). समजा मातीचा गुणांक ०.५८ आणि चिकटपणा २० किलोपास्कल. तीसच्या हवेला बेरीज ०.६८ येते, अठराला ०.७४. टायर तोच, गाडी तीच, आणि पकड सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली, तीही फुकट. टायरची रुंदी या सूत्रात कुठेच आली नाही. हवा तीच ठेवून रुंद टायर टाकला तर टेकणारा भाग आडवा पसरतो आणि तितकाच आखूड होतो. रुंद टायरचा खरा उपयोग एवढाच की तो कमी हवेवर सुखाने चालतो.

वाळूत चिकटपणा शून्य असल्यामुळे दुसरं पद गळून पडतं. तरीही नदीपात्रात अडकलेल्या जीपची हवा कमी करतात, कारण पसरलेला टायर कमी रुततो आणि स्वतःपुढे वाळूचा ढीग ढकलत बसत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरून वजन वाढवतात ते नांगर ओढायला जोर लागतो म्हणून. शर्यतीच्या गाडीने वजन वाढवलं तर तेच वजन वळणावर तिला वळवावंही लागतं, हाती काही उरत नाही. रुतणाऱ्या चाकाचं हे शास्त्र विसाव्या शतकात बेकर नावाच्या पोलिश-अमेरिकन इंजिनिअरने पुढे नेलं. १९७१ मध्ये चंद्रावर फिरलेल्या गाडीची चाकं त्यातूनच आली. ती हवेची नव्हती, पोलादी तारांच्या जाळीची होती.

राहिला चिकटपणा. तो पाण्यावर ठरतो आणि इथे आपल्या शेतकऱ्याकडे तयार शब्द आहे : वाफसा, म्हणजे माती ना कोरडी ना चिखल अशी ओलसर असणं. ओलाव्याचे पातळ पडदे कणांना एकमेकांकडे ओढतात तेव्हा माती सगळ्यात घट्ट धरते. कोरडी पडली की वर धूळ होते, आणि धुळीला चिकटपणा नाही. जास्त भिजली की कणांमधलं पाणीच वजन पेलू लागतं, कण एकमेकांवर दाबलेच जात नाहीत, घर्षणही जातं. म्हणून टँकरने पाणी मारल्यावर लगेच गाडी सोडायची नसते. मूठभर माती दाबून लाडू करा, कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून विखुरला तर वाफसा आला. तसाच राहिला तर थांबा. झालाच नाही तर आणखी पाणी मारा. भाच्याचे आजोबा पेरणीच्या आधी हेच करायचे.

टायर निवडताना मी मुलांना थोडक्यात सांगितलं. या गाडीला जोर आणि वळण दोन्ही पुढच्या चाकांचं, तेव्हा चांगली जोडी पुढे. गट्टू मोठे आणि मधल्या खाचा रुंद हव्यात, कारण खाचा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीतच झाला म्हणायचा. कडक मुरमावर वर भुरभुरीत थर असेल तर उलट अरुंद टायर बरा, तो थर कापून खालच्या पक्क्या जमिनीला टेकतो. जुना टायर घेताना भिंतीवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर वयाने कडक होतं, नख रुतत नाही, भिंतीला बारीक भेगा पडतात. तसा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

टायर रिमवर चढवताना रिम तारेच्या ब्रशने घासून गंज काढा, कडेला साबणाचं पाणी लावा, आणि टॉमीने एक बाजू चढवताना समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून धरा. तिथे परीघ कमी असल्यामुळे तेवढी ढील मिळते. नुसती ताकद लावली तर कडेची तार तुटते. हवा भरताना दोनदा फट्‌ आवाज येऊन कडा बसतात. चाळीसपर्यंत बसल्या नाहीत तर हवा सोडून पुन्हा साबण लावा, त्यावर जाऊ नका. फुटलेली कडा माणसाचा हात नेते. रिम आणि ड्रमच्या मध्ये चिखल राहू देऊ नका. चारही नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि पहिल्या फेरीनंतर परत तपासा.

मुलांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली होती. मी ती सोडायला लावली. "दृष्ट लागली" म्हटलं की कोणी नट तपासत नाही, आणि सैल नटाला लिंबू माहीत नसतं. टायरमध्ये पैसे देऊन नायट्रोजन भरण्याचंही तसंच. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे, आणि तापल्यावर तोही हवेइतकाच फुगतो. सकाळी २५ अंशांना बावीसची हवा भरली आणि टायर ६५ अंशांना तापला तर काटा सत्तावीसच्या आसपास जातो, आत कोणताही वायू असो. त्या पैशात हवा मोजायचा चांगला काटा येतो.

कमी हवेलाही हद्द आहे. वळणावर टायरची भिंत दुमडून कडा रिमवरून उतरू शकते, किंवा टायर रिमवर फिरून ट्यूबच्या व्हॉल्व्हची मान तुटते. ही हद्द सूत्रातून निघत नाही, म्हणून मी टायर आणि रिम दोघांवरून खडूची एक सरळ रेघ मारायला सांगितली. टायर रिमवर सरकला की ती तुटलेली दिसते.

दुसऱ्या रविवारी वाफशावर, पुढे अठराची हवा भरून गाडी सुटली आणि त्या वळणावर वळली. सहा फेऱ्यांनी थांबली तेव्हा भाचा हेल्मेट काढून चाकापाशी बसला. "काय व्हयनं, मामा?" पुढच्या डाव्या चाकाची रेघ तुटली होती, टायरवरची दोन बोटं मागे राहिली होती. आम्ही रेघ पुसून नवी मारली आणि हवा वीस केली. पुढच्या सहा फेऱ्यांत ती हलली नाही.