फ्रान्समधील हिजाब वाद

फ्रान्समधील हिजाब वाद : सरकारी शाळेत येणाऱ्या मुस्लिम मुलींनी डोक्याला रुमाल बांधावा की नाही, यावरून १९८९ साली फ्रान्समध्ये पेटलेला आणि पुढे रस्ता, समुद्रकिनारा, पोहण्याचा तलाव, खेळाचे मैदान असा पसरत गेलेला वाद. फ्रेंचमध्ये त्याला ‘लाफेर द्यु फुलार’ म्हणजे ‘रुमालाचे प्रकरण’ म्हणतात. मुस्लिम स्थलांतरितांना सामावून घेताना पश्चिम युरोपात जे ताण उभे राहिले, त्यांतले हे सर्वांत लांबलेले प्रकरण. तटस्थ कोणी राहायचे, राज्याने की नागरिकाने, हा त्याचा गाभा आहे.

हा वाद समजून घ्यायचा तर ‘लाइसिते’ या शब्दापासून सुरुवात करावी लागते. मराठीत त्यासाठी ‘धर्मनिरपेक्षता’ वापरतात, पण आपल्याकडे त्या शब्दाला सर्वधर्मसमभावाची छटा चिकटलेली आहे. ‘इहवाद’ हा शब्द फ्रेंच कल्पनेच्या अधिक जवळ जातो. फ्रेंच प्रजासत्ताकाची एकोणिसाव्या शतकातली मोठी लढाई कॅथलिक चर्चशी होती आणि तिचे रणांगण होते गावची शाळा. मुलांच्या मनावर ताबा कोणाचा, पाद्र्याचा की मास्तरांचा? शिक्षणमंत्री झ्यूल फेरी यांनी १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्ममुक्त केले. त्यानंतर ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य यांची फारकत झाली. प्रजासत्ताक सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देते, असे त्याचे पहिले कलम सांगते. राज्य कोणत्याही पंथाला मान्यता, पगार वा अनुदान देत नाही, असे दुसरे.

त्या कायद्यावरच्या चर्चेतला एक प्रसंग आज पुन्हा वाचण्याजोगा आहे. पाद्र्यांनी रस्त्यावर पायघोळ झगा घालून फिरण्यावर बंदी घालावी, अशी दुरुस्ती एका सदस्याने मांडली होती. कायद्याचे शिल्पकार आरिस्तीद ब्रियाँ यांनी ती फेटाळून लावली. स्वातंत्र्य देण्यासाठी आणलेल्या कायद्याने लोकांच्या कपड्यांची बेतणी ठरवू नये, आणि झगा बंद केलात तर पाद्री आणि शिंपी मिळून दुसरा एखादा पोशाख शोधून काढतील, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे मूळ कल्पनेत तटस्थतेचे ओझे राज्यावर, त्याच्या इमारतींवर आणि पगारी नोकरांवर होते. नागरिकाने काय घालावे, हा तिचा विषय नव्हता.

या नियमाला पहिल्यापासून अपवादही होते. अल्सास आणि मोझेल हे भाग १९०५ मध्ये जर्मनीच्या ताब्यात होते, त्यामुळे तिथे हा कायदा लागू झाला नाही. ते १९१८ नंतर फ्रान्समध्ये परतले, पण जुनी व्यवस्था कायम राहिली, आणि आजही तिथल्या पाद्री व रब्बींना सरकार पगार देते. अल्जीरियाचा अपवाद याहून बोचरा आहे. अल्जीरिया फ्रान्सचाच भाग मानला जाई, तरी तिथल्या मशिदी आणि इमामांवरची पकड सरकारने सोडली नाही. १८६५ च्या फर्मानाप्रमाणे मुस्लिम अल्जीरियनाला पूर्ण नागरिकत्व हवे असेल तर धर्माधारित व्यक्तिगत कायदा सोडावा लागे. बुरख्याचे राजकारणही तिथलेच. स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले असताना मे १९५८ मध्ये अल्जीयर्सच्या चौकात मुस्लिम स्त्रियांचे बुरखे जाहीरपणे उतरवण्याचे समारंभ घडवून आणण्यात आले. फ्रेंच राजवट स्त्रियांना मुक्त करते आहे, हे जगाला दाखवायचे होते. चार वर्षांनी अल्जीरिया स्वतंत्र झाला. पुढे शाळेच्या फाटकावर जे घडले त्यात या चौकाची आठवण दोन्ही बाजूंना होती, हे विसरून चालत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने, खाणी आणि बांधकामांसाठी मजूर हवे होते. ते अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियातून आले. पॅरिसलगतच्या नाँतेरमध्ये पत्र्यांच्या झोपड्यांत हजारो लोक राहत. पुढे त्यांना शहराबाहेर उभारलेल्या उंच सरकारी इमारतींत घरे मिळाली. या वस्त्यांना ‘बांलियू’ म्हणतात. मराठीत ‘उपनगर’ म्हटले की लोकलने ये-जा करणारा मध्यमवर्ग डोळ्यांसमोर येतो, म्हणून तो शब्द इथे दिशाभूल करतो. १९७४ मध्ये कामगारांची भरती थांबली आणि १९७६ च्या हुकुमाने कुटुंबांना आणण्याची मुभा मिळाली. चार पैसे गाठीला बांधून गावी परतू म्हणणाऱ्या बापांची मुले फ्रेंच शाळेत शिकली आणि फ्रेंच झाली. १९८३ मध्ये याच मुलांनी मार्सेयपासून पॅरिसपर्यंत पायी मोर्चा काढून वंशद्वेषाविरुद्ध समानता मागितली. तोवर त्यांची ओळख ‘अरब’ वा ‘स्थलांतरितांची मुले’ अशी होती. ‘मुस्लिम’ हे त्यांचे पहिले विशेषण पुढच्या दहा वर्षांत झाले.

पॅरिसच्या उत्तरेला क्रेय नावाचे कामगारांचे गाव आहे. तिथल्या सरकारी माध्यमिक शाळेत सप्टेंबर १९८९ मध्ये तीन मुली डोक्याला रुमाल बांधून आल्या. मुख्याध्यापक एर्नेस्त शेनिएर यांनी त्यांना वर्गात बसू दिले नाही. ऑक्टोबरमध्ये पालकांशी तडजोड झाली : आवारात आणि मधल्या सुट्टीत रुमाल चालेल, वर्गाच्या दाराशी तो खांद्यावर सरकवायचा. काही दिवस मुलींनी तसे केले, मग पुन्हा डोके झाकले, आणि त्यांची रवानगी शाळेच्या ग्रंथालयात झाली. वर्गाचा उंबरठा हीच इहवादाची सीमा मानणारी ही व्यवस्था टिकली असती तर प्रकरण गावातच विरले असते, असे वाटल्याशिवाय राहत नाही. पण ते वर्ष फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीचे होते, आणि फेब्रुवारीत इराणमधून सलमान रश्दींविरुद्ध फतवा निघाला होता. पाच नामवंत विचारवंतांनी शिक्षकांना उद्देशून, शरण जाऊ नका असे बजावणारे खुले पत्र लिहिले. त्यांत एलिझाबेथ बादँतेर आणि रेजिस दब्रे होते. उलट बाजूला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी दानिएल मितराँ मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. डावे-उजवे अशी नेहमीची फळी इथे चाललीच नाही. स्त्रीवादी चळवळही दुभंगली.

शिक्षणमंत्री लिओनेल जोस्पँ यांनी कोंसेय देता या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेचे मत मागवले. २७ नोव्हेंबर १९८९ ला ते आले : विद्यार्थ्यांनी धर्मचिन्ह घालणे हे मुळातच इहवादाच्या विरुद्ध नाही. मात्र त्यात दडपण, चिथावणी वा धर्मप्रचार असेल, किंवा मुली व्यायामाच्या वा विज्ञानाच्या तासाला बसत नसतील, तर शाळा कारवाई करू शकते. प्रत्येक प्रकरण वेगळे तपासा, असा त्याचा अर्थ. मत समंजस होते, पण त्याची अंमलबजावणी मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडली. एका शाळेत चालणारे दुसरीत चालेना, आणि घाईने काढलेले हकालपट्टीचे हुकूम न्यायालयात टिकेनात. १९९४ मध्ये मंत्री फ्रांस्वा बायरू यांनी ‘भपकेदार’ धर्मचिन्हांविरुद्ध परिपत्रक काढले, तरी गोंधळ मिटला नाही.

जुलै २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी बेर्नार स्तासी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यासमोर शिक्षक, मुख्याध्यापक, समाजसेवक येऊन गेले. बांलियूतल्या काही मुलींनी, भाऊ आणि वस्तीतले तरुण आमच्यावर रुमालाची सक्ती करतात, असे सांगितले. ही भीती पोकळ नव्हती. ऑक्टोबर २००२ मध्ये व्हित्री या वस्तीत सतरा वर्षांच्या एका मुलीला जिवंत जाळण्यात आले होते, आणि त्यानंतर फादेला आमारा यांच्या पुढाकाराने वस्त्यांतल्या मुलींनीच देशभर मोर्चा काढला होता. बंदीच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे : शाळा हे एक ठिकाण तरी असे असावे, जिथे मुलीवर कोणाची नजर नाही. पण स्वखुशीने रुमाल घेणाऱ्या महिलांना आयोगाने अगदी शेवटी आणि मोजक्याच संख्येने ऐकले. ज्यांच्याबद्दल कायदा व्हायचा, त्यांना साक्षीदार म्हणून जवळजवळ जागाच नव्हती. माझ्या मते ही या प्रक्रियेतली सर्वांत मोठी उणीव. आयोगाने बऱ्याच शिफारशी केल्या होत्या, त्यांत यहुद्यांच्या योम किप्पुरची आणि मुस्लिमांच्या ईदची शाळांना सुट्टी द्यावी, हीही होती. सरकारने बंदी उचलली, सुट्ट्या वगळल्या.

१५ मार्च २००४ चा कायदा अगदी छोटा आहे. सरकारी शाळांत धर्म ठळकपणे दाखवणारी चिन्हे वा पोशाख घालण्यास विद्यार्थ्यांना मनाई, आणि शिस्तभंगाच्या कारवाईआधी विद्यार्थ्याशी संवाद करणे बंधनकारक. राष्ट्रीय सभेत ४९४ विरुद्ध ३६ मतांनी तो संमत झाला. हिजाब, यहुदी पुरुषांची छोटी टोपी (किप्पा), मोठा क्रूस यांवर बंदी आली. गळ्यातला छोटा क्रूस, दाविदाचा तारा किंवा फातिमाचा पंजा चालतो. विद्यापीठे आणि खाजगी शाळा कायद्याबाहेर आहेत. त्यामुळे बऱ्याच मुस्लिम मुलींनी कॅथलिक शाळांची वाट धरली, आणि त्यांतल्या काही शाळांनी रुमालासह त्यांना घेतले. १९५९ पासून करारबद्ध खाजगी शाळांतील शिक्षकांचे पगार सरकारच देते, हेही इथे नोंदवायला हवे.

ऑगस्ट २००४ मध्ये इराकमध्ये दोन फ्रेंच पत्रकारांचे अपहरण झाले आणि अपहरणकर्त्यांनी हा कायदा मागे घ्यायला सांगितले. कायद्याला कडाडून विरोध करणाऱ्या फ्रेंच मुस्लिम संघटनांनी ही मागणी तत्काळ धुडकावली आणि पत्रकारांच्या सुटकेसाठी आपले शिष्टमंडळ बगदादला धाडले. सप्टेंबरमध्ये शाळा शांतपणे उघडल्या. पहिल्या वर्षी ६३९ प्रकरणे नोंदली गेली, बहुतेक बोलून मिटली, ४७ विद्यार्थ्यांना काढण्यात आले. त्यांतले तिघे शीख मुलगे होते. पगडीचा विचार कायदा करताना कोणी केलाच नव्हता. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने एका शीख विद्यार्थ्याच्या बाजूने निर्णय दिला, पण फ्रान्सने कायदा बदलला नाही.

कायद्याचा मुलींच्या शिक्षणावर काय परिणाम झाला, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. २००४ नंतर मुस्लिम मुलींचे माध्यमिक शिक्षण पूर्ण होण्याचे प्रमाण घसरले, असे एका संशोधनात दिसले. १९९४ च्या परिपत्रकानंतर त्यांची शैक्षणिक कामगिरी सुधारली, असे दुसऱ्यात. दोन्ही गंभीर अभ्यास आहेत. शिवाय जनगणनेत धर्म विचारायचाच नाही, अशी फ्रान्सची रीत असल्याने आकडे पाहण्या आणि अंदाज यांवर बेतावे लागतात. २०१९-२० च्या मोठ्या सरकारी पाहणीत १८ ते ५९ वयोगटातील १० टक्के लोकांनी आपण मुस्लिम असल्याचे सांगितले. २९ टक्के कॅथलिक होते आणि ५१ टक्क्यांनी आपला कोणताच धर्म नसल्याचे नोंदवले. नोकरीतल्या भेदभावाचे चित्र मात्र स्पष्ट आहे. सेनेगाली आडनाव तेच, शिक्षण तेच, फक्त पहिले नाव आणि सामाजिक कामाचा तपशील एका अर्जात कॅथलिक, दुसऱ्यात मुस्लिम, अशा चाचणीत मुस्लिम अर्जदाराला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता अडीच पटींनी कमी निघाली.

२००४ नंतर बंदीची रेषा शाळेबाहेर सरकत गेली. ११ ऑक्टोबर २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास मनाई केली. दंड १५० युरोपर्यंत. त्या वेळी सबंध फ्रान्समध्ये नकाब घेणाऱ्या स्त्रिया सरकारी अंदाजाने सुमारे दोन हजार होत्या. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १ जुलै २०१४ ला हा कायदा उचलून धरताना सुरक्षेचा मुद्दा बाजूला ठेवला आणि ‘एकत्र नांदणे’ हा आधार मानला. चेहरा दिसणे ही समाजात मिसळण्याची किमान अट, असा तो तर्क.

२०१५ हे वर्ष जानेवारीत ‘शार्ली एब्दो’ या व्यंगचित्र-साप्ताहिकाच्या कचेरीवरच्या हल्ल्याने उजाडले आणि १३ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये १३० माणसे मारली गेली. पुढच्या जुलैत नीसच्या किनाऱ्यावर ट्रकखाली ८६ जणांचा बळी गेला. त्या दुःखात आणि संतापात कान शहरासह किनाऱ्यावरच्या अनेक गावांनी अंगभर पोहण्याच्या पोशाखावर, म्हणजे बुर्किनीवर, बंदी घातली. २६ ऑगस्ट २०१६ ला कोंसेय देताने, सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका असल्याचा पुरावा नाही, म्हणून त्यांतल्या एका गावचा हुकूम स्थगित केला. १६ ऑक्टोबर २०२० ला साम्युएल पाती या इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांची, वर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवताना प्रेषित मुहम्मदांची व्यंगचित्रे दाखवली म्हणून, शाळेजवळच हत्या झाली. फ्रेंच शिक्षकांच्या मनावर त्याचा जो घाव आहे, तो लक्षात घेतल्याशिवाय त्यांची आजची भूमिका कळणार नाही. मात्र मारेकऱ्यांच्या कृत्याचा जाब शाळकरी मुलींच्या कपड्यांना विचारण्याची सवयही याच काळात जडली.

रेषा नेमकी कुठे ओढायची, हे दरवेळी अधिक अवघड होत गेले. एप्रिल २०१५ मध्ये शार्लव्हिल-मेझिएरमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीला लांब काळा स्कर्ट घातला म्हणून परत पाठवले. रुमाल ती फाटकाशीच काढत असे. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिजाँच्या प्रादेशिक सभागृहात मुलांच्या सहलीसोबत आलेल्या एका आईने रुमाल काढावा, अशी मागणी अति-उजव्या पक्षाच्या सदस्याने भर सभेत केली. रडणाऱ्या लेकराला छातीशी धरलेल्या त्या बाईचे छायाचित्र देशभर गेले. ती प्रेक्षक होती, तिला कोणताही कायदा लागू नव्हता. मग २०२३ च्या ऑगस्टअखेर मंत्री गाब्रिएल आताल यांनी शाळांत अबाया या सैल पायघोळ झग्यावर बंदी जाहीर केली. ४ सप्टेंबरला २९८ मुली अबाया घालून आल्या. त्यांतल्या ६७ जणींनी तो बदलायला नकार दिला आणि त्या घरी गेल्या. बाजारातला तसाच झगा मुस्लिमेतर मुलीने घातला तर तो पोशाख, आणि मुस्लिम मुलीने घातला तर धर्मचिन्ह : हे ठरवायचे तर शाळेला आधी मुलीचा धर्म पाहावा लागतो. ब्रियाँ यांनी १९०५ मध्ये टाळली ती हीच अडचण.

इतर देशांनी वेगळे मार्ग धरले. ब्रिटनमध्ये हिजाब घातलेल्या महिला पोलीस असतात. स्वित्झर्लंडने २००९ च्या सार्वमतात नव्या मिनारांवर बंदी घातली. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने २०१९ मध्ये शिक्षक, सरकारी वकील, पोलीस यांना धर्मचिन्हे नाकारली, विद्यार्थ्यांना मात्र मोकळे ठेवले.

सध्या वादाचे केंद्र खेळ आहे. फुटबॉल महासंघाने सामन्यांत घातलेली हिजाबबंदी कोंसेय देताने जून २०२३ मध्ये वैध ठरवली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्व क्रीडास्पर्धांत अशी बंदी घालणारे विधेयक सिनेटने संमत केले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये यजमान फ्रान्सच्या खेळाडूंना हिजाबाची परवानगी नव्हती, बाहेरून आलेल्यांना होती. धावपटू सुंकांबा सिला यांना तर उद्घाटनाच्या संचलनातही भाग घेता येणार नाही, असे आधी कळवले गेले. मग बोलणी होऊन तोडगा निघाला, आणि २६ जुलै २०२४ च्या संध्याकाळी सेन नदीतल्या फ्रेंच संघाच्या बोटीवर त्या केस टोपीखाली झाकून उभ्या राहिल्या.