परदेशी सैन्याच्या खर्चाची वाटणी (दक्षिण कोरिया)

मित्रदेशाची फौज आपल्याकडे कायमची राहतेय तर तिचा खर्च कोणी किती उचलायचा, हे दक्षिण कोरिया आणि अमेरिका ज्या कराराने ठरवतात त्याला ‘स्पेशल मेजर्स अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात, थोडक्यात एसएमए. कोरियात आज सुमारे साडेअठ्ठावीस हजार अमेरिकी सैनिक आहेत. अमेरिकी फौजेच्या कोरियातल्या मुक्कामाबद्दलच्या 1966 च्या मूळ करारात हिशोब सरळ होता, जागा कोरियाची आणि बाकी खर्च अमेरिकेचा. पुढे कोरियाकडे पैसा आला तसं अमेरिका म्हणायला लागली की आता तुम्हीपण हातभार लावा, म्हणून 1991 पासून मूळ नियमाला अपवाद म्हणून हा करार सुरू झाला, आणि तो दर काही वर्षांनी परत करावा लागतो.

पैसे जातात कुठे, तर तळावरच्या कोरियन कामगारांचे पगार, बांधकाम, आणि लॉजिस्टिक्स म्हणजे दुरुस्ती, साठवण, वाहतूक वगैरे. अमेरिकी सैनिकांचा पगार यातून होत नाही. म्हणजे बराचसा पैसा कोरियातच फिरतो. उलट कोरियाने फुकट दिलेली जमीन या आकड्यात धरतच नाहीत, आणि प्योंगटेक शहरातला अमेरिकी लष्करी तळ कॅम्प हम्फ्रीज उभारायला साधारण 1080 कोटी डॉलर लागले त्यातले 90 टक्क्यांच्या आसपास कोरियाने दिले, त्यामुळे ‘कोरिया फुकटात संरक्षण घेतो’ हे म्हणणं मला अजिबात पटत नाही.

2019 मध्ये कोरियाचा वाटा 1 लाख 3 हजार 890 कोटी वॉन होता, म्हणजे 100 कोटी डॉलरच्याही आत, आणि ट्रम्प सरकारने मागितले जवळपास 500 कोटी डॉलर! बोलणी अडली. 1 एप्रिल 2020 ला अमेरिकी सैन्याने तळावरच्या सुमारे 4 हजार कोरियन कामगारांना बिनपगारी घरी बसवलं, तेही कोरोनाच्या दिवसांत, ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. जूनमध्ये कोरियाने पगाराचे पैसे भरायचं कबूल केलं तेव्हा कुठे ते कामावर परतले.

2021 च्या करारात रक्कम 13.9 टक्क्यांनी वाढली, नंतर 2024 मध्ये झालेल्या कराराने 2026 साठी 1 लाख 51 हजार 920 कोटी वॉन ठरवले आणि पुढची वाढ महागाईला जोडली, वर्षाला जास्तीत जास्त 5 टक्के. बातम्यांत हेच आकडे आले. पण 2021 चं खरं महत्त्वाचं कलम वेगळंच आहे, करार लांबला तरी कामगारांचा पगार मागच्या वर्षाइतका चालू ठेवायचा.