विहिरीत सोडलेले दोन दगड

फाल्गुनातील एका रात्री चाळीसगाव तालुक्यातील एका मळ्यात गुरूचे चंद्र दाखवण्यासाठी दुर्बीण लावली होती. चारही मोठे चंद्र पाहून झाल्यावर मंडळी विहिरीच्या कठड्याला टेकली आणि गप्पा गुरूवरून थेट कृष्णविवरांवर गेल्या. त्याच आठवड्यात गावातील बहुतेक मोबाइलवर एक चित्रफीत फिरली होती. एक कृष्णविवर सूर्यमालेच्या दिशेने निघाले असून वाटेत येईल ते ओढून घेत आहे, असे तिच्यात धीरगंभीर आवाजात सांगितले होते. एका वृद्ध बाबांनी सरळ विचारले, "तो काया खड्डा पृथ्वीले गियी टाकी का?" त्यांच्या शेजारी बसलेल्या तरुणाची शंका निराळी होती. विश्व सतत प्रसरण पावत आहे असे पुस्तकात लिहिले आहे, तर मग आमच्या शेताचे क्षेत्र का वाढत नाही, बांध आहे तिथेच कसा राहतो, असे त्याला विचारायचे होते. दोन्ही प्रश्नांचे उत्तर आम्ही ज्या विहिरीला टेकलो होतो तिच्यातच आहे, असे मी म्हणालो तेव्हा काही जण हसले. त्या रात्री घाईत जे नीट सांगता आले नाही, ते येथे सावकाश मांडतो.

बाबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर शाळेतील न्यूटनच्या नियमातच मिळते. एखाद्या वस्तूचे दुरून जाणवणारे आकर्षण तिच्या वस्तुमानावर आणि तिच्यापासूनच्या अंतरावर ठरते. ती वस्तू फुगलेली आहे की दाबून लहान केलेली आहे, याचा त्याच्याशी संबंध नसतो. उद्या सूर्य दाबून ३ किलोमीटर त्रिज्येच्या आत कोंबला तर त्याचे कृष्णविवर होईल, कारण त्या मर्यादेच्या आतून प्रकाशही सुटू शकत नाही. पृथ्वीच्या बाबतीत हीच मर्यादा सुमारे ९ मिलिमीटर आहे, म्हणजे सगळी पृथ्वी एका बोरात मावली पाहिजे. परंतु असे कृष्णविवर झालेल्या सूर्याभोवतीही पृथ्वी त्याच कक्षेत, त्याच ३६५ दिवसांत फिरत राहील. ऊन जाईल, कापूस आणि केळी जातील, आपणही जाऊ; पण गिळले कोणालाच जाणार नाही. सूर्याचे कृष्णविवर होण्याइतके त्याचे वस्तुमानही नाही. सुमारे ५०० कोटी वर्षांनी तो श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेला छोटा आणि दाट तारा, होऊन निवणार आहे.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. २०२२ मध्ये जाहीर झालेले 'गाया बीएच १' हे आपल्याला माहीत असलेले सर्वांत जवळचे कृष्णविवर सुमारे १५६० प्रकाशवर्षांवर, भुजंगधारी तारकासमूहात आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या साडेनऊ पटींहून थोडे अधिक आहे आणि त्याच्याभोवती आपल्या सूर्यासारखाच एक तारा १८६ दिवसांत एक प्रदक्षिणा घालतो. त्या ताऱ्याला कोणी ओढून घेतलेले नाही. कृष्णविवर म्हणजे पुरातील तापीचा भोवरा किंवा पाच अश्वशक्तीची मोटार, हे चित्र डोक्यातून काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता विहीर. खानदेशातील मळ्यात दहा-बारा परस खोल, म्हणजे सुमारे २० मीटरची विहीर नवलाची नाही. तिच्या तोंडाशी एक दगड सोडला तर तो दोन सेकंदांत तळाला पोहोचतो. त्या दगडावर बसलेल्या मुंगीला काय जाणवेल? काहीही नाही. दगड तिच्याबरोबरच पडत असल्यामुळे तिच्या पायांखाली दाब नसतो, म्हणजे तिला वजनच नसते. उंचावरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही, ही गोष्ट १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करणाऱ्या आइनस्टाइनच्या मनात आली आणि पुढे आठ वर्षे झगडून त्याने तिच्यातून व्यापक सापेक्षता सिद्धान्त उभा केला. ज्याला आपण आयुष्यभर गुरुत्वाकर्षणाची ओढ म्हणतो, ती पडू लागताच नाहीशी होते. मग ती खरी आहे असे कसे म्हणायचे?

येथे दुसरा दगड लागतो. समजा, विहिरीच्या तोंडावर एकमेकांपासून बरोबर एक मीटर अंतरावर दोन दगड एकाच क्षणी सोडले आणि हवेचा अडथळा विचारात घेतला नाही. दोघेही सरळ खाली जातात. मात्र 'खाली' म्हणजे पृथ्वीच्या केंद्राकडे, आणि केंद्र एकच आहे. म्हणून त्यांच्या वाटा समांतर नसतात, त्या अत्यल्प प्रमाणात एकमेकींकडे झुकलेल्या असतात. दोन सेकंदांनंतर तळाशी पोहोचताना त्या दोघांमधील अंतर सुमारे ३ मायक्रोमीटरने कमी झालेले असते. माणसाच्या केसाची जाडी याच्या वीसपट तरी असते. आता तेच दगड शेजारी न ठेवता एकाखाली एक, एका मीटरवर धरून एकाच वेळी सोडा. खालचा दगड केंद्राच्या किंचित जवळ असल्यामुळे त्याचा वेग किंचित जास्त वाढतो, आणि दोन सेकंदांत अंतर सुमारे ६ मायक्रोमीटरने वाढते. आडव्या दिशेत आकुंचन आणि उभ्या दिशेत त्याच्या दुप्पट ताण, असा हा हिशेब आहे. पडणाऱ्या मुंगीला आपल्या दगडाचे वजन कळत नाही, परंतु शेजारच्या दगडापासूनचे अंतर बदलत आहे हे तिने मोजले, तर आपण गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रात आहोत हे तिला कळू शकते. पडून ओढ पुसता येते, हा फरक मात्र पुसता येत नाही. माझ्या मते गुरुत्वाकर्षणाची खरी ओळख हीच आहे, आणि शाळेत एका सफरचंदाऐवजी दोन सफरचंदे पाडून दाखवली असती तर पुढची बरीच गफलत टळली असती.

आपल्या भागाला समुद्र नसला तरी आपली तापी ज्या समुद्राला मिळते, त्या खंबातच्या आखाताच्या तोंडाशी हाच फरक दिवसातून दोनदा दिसतो. भरती चंद्राच्या ओढीने येते असे आपण म्हणतो. पण पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट आहे, आणि तरीही सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्मीही नसते. कारण पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंना जाणवणाऱ्या ओढीत जो फरक पडतो, त्यावर भरती अवलंबून असते. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, तर हा फरक घनाने घटतो, म्हणून दूरच्या सूर्यापेक्षा जवळचा चंद्र वरचढ ठरतो. याला भरतीबल म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला समुद्र उसळतो तर शरीरातील पाणी का उसळू नये, असा युक्तिवाद आमच्याकडे ताईत विकणारे मोठ्या आत्मविश्वासाने करतात. समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला आहे आणि माणूस पावणेदोन मीटरचा. त्याच्या डोक्याला आणि पायाला जाणवणाऱ्या चंद्राच्या ओढीतील फरक त्याच्या स्वतःच्या वजनाच्या तीस लाख कोटीव्या भागाइतका येतो. अंगावर माशी बसली तरी याहून कितीतरी मोठा परिणाम होतो.

आता हे दोन दगड कृष्णविवराकडे सोडू. घटनाक्षितिज, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही ती सीमा, वस्तुमानाच्या प्रमाणात मोठी होत जाते: दहापट वस्तुमान, दहापट त्रिज्या. भरतीबल मात्र वस्तुमानाबरोबर वाढते आणि अंतराच्या घनाने घटते. दोन्ही एकत्र मांडले की मोठे गमतीचे उत्तर मिळते: सीमेवरचे भरतीबल वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या सीमेवर दोन मीटर उंचीच्या माणसाच्या डोक्यापायांतील ओढीचा फरक पृथ्वीवरील गुरुत्वाच्या सुमारे दोन कोटी पट होतो. सीमा गाठण्याच्या कितीतरी आधीच त्याची शेवयांसारखी तार झालेली असेल. याउलट आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील, धनू राशीच्या दिशेला असलेल्या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट आणि त्रिज्या सुमारे १ कोटी २० लाख किलोमीटर आहे. तेथे हाच फरक पृथ्वीवरील गुरुत्वाच्या आठ हजाराव्या भागाइतकाच असतो. तेथे पडणारा माणूस सीमा ओलांडेल आणि त्या क्षणी त्याला काहीही जाणवणार नाही. तार आत गेल्यावर व्हायची. जेवढा राक्षस मोठा, तेवढा त्याचा उंबरठा सौम्य. एस २ नावाचा तारा त्याच्याभोवती १६ वर्षांत एक फेरी मारतो; मे २०१८ मध्ये तो त्याच्या अगदी जवळून सेकंदाला सुमारे ७६५० किलोमीटर वेगाने गेला आणि सुखरूप पुढे निघून गेला.

या दोन दगडांचे गणित पूर्णत्वाला नेण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे, आणि त्यांचे नाव आपल्याकडे व्हावे तेवढे झालेले नाही. कोलकात्याचे भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण प्रसिद्ध केले. दोनच दगड न घेता मुक्तपणे पडणाऱ्या धुळीचा एक छोटा गोळा घ्या. आतली जागा रिकामी असेल तर सुरुवातीला गोळ्याचा फक्त आकार बदलतो, एका दिशेने ताणला जाऊन आणि दुसऱ्या दिशांनी आकसून तो अंड्यासारखा होतो. घनफळ तेवढेच राहते. विहिरीत आडवे आकुंचन दोन दिशांना आणि उभा ताण दुप्पट, हे त्याचेच रूप आहे. परंतु गोळ्याच्या आत द्रव्य असेल तर घनफळही आकसू लागते, आणि किती आकसेल हे आतल्या घनतेवर व दाबावर ठरते. या समीकरणाच्या आधारे १९६५ मध्ये ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी दाखवले की, कोसळणाऱ्या ताऱ्याने एकदा विशिष्ट मर्यादा ओलांडली की आतल्या कणांच्या वाटा एकत्र येण्याचे थांबत नाही. त्या कामासाठी त्यांना २०२० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

चाळीसगावचा विषय निघाला की न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, हे वाक्य येतेच. त्या रात्रीही ते आले. जवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला शके ११२८ चा शिलालेख आहे, तेव्हा तालुक्याला त्यांचा अभिमान वाटणे रास्तच आहे. ११५० मध्ये लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पृथ्वीच्या अंगी आकृष्टिशक्ती असून ती जड वस्तू स्वतःकडे ओढते, असे त्यांनी म्हटले आहे. सर्व बाजूंना आकाश सारखेच असताना पृथ्वी पडणार तरी कोठे, हा त्यांचा प्रश्न तर फार नेमका आहे. पण अंतर वाढले की ओढ किती घटते, हे त्यात नाही, आणि ते नसेल तर भरतीबलही नाही. ग्रहाच्या तात्कालिक गतीचा त्यांनी केलेला विचार आणि काही समीकरणांची पूर्णांकी उत्तरे काढणाऱ्या चक्रवाल पद्धतीला त्यांनी दिलेले रूप ही त्यांची खरी कमाई आहे. पण त्यासाठी ग्रंथ उघडावा लागतो, संदेश पुढे ढकलून भागत नाही.

राहिला बांधाचा प्रश्न. दोन दीर्घिकांमधील, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमधील, अंतर जितके जास्त, तितक्या वेगाने त्या दूर जातात: ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर. लग्नघरी आमच्याकडे पुरणाचा मांडा हातांवर फिरवत खापरावर घालण्याइतका मोठा करतात. त्या वेळी आतल्या पुरणाचे कण एकमेकांपासून दूर जातात, आणि कोणत्याही कणावरून पाहिले तरी बाकीचे आपल्यापासूनच दूर जात आहेत असे दिसते. चित्र चांगले आहे, पण मांड्याला काठ असतो, त्याला ताणणारे हात असतात आणि कणाला धरून नेणारी कणीकही असते. विश्वाच्या प्रसरणात यापैकी काहीही नाही. गफलत होते ती मुख्यतः कणकेमुळे. अवकाश ताणले जाते आणि सगळ्यांना बरोबर घेऊन जाते, असे वाटू लागते.

रायचौधुरींच्या धुळीकडे परत जा. दीर्घिका म्हणजे त्या गोळ्यातील कण समजा. त्या दूर जात आहेत, कारण त्या आधीपासूनच दूर जात होत्या. प्रसरण हा त्यांना सुरुवातीपासून मिळालेला वेग आहे, जागोजागी काम करणारे बल नव्हे. आतले द्रव्य हा वेग कमी करत असते, आणि सुमारे १३८० कोटी वर्षांच्या इतिहासाच्या पहिल्या निम्म्याहून अधिक काळात तसेच झाले. त्यानंतर प्रसरणाचा वेग उलट वाढू लागला, हे १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून कळले. त्यामागे ज्याचा दाब ऋण आहे असे काहीतरी असावे आणि त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात, एवढेच येथे पुरे. जिथे द्रव्य दाट होते तिथे कणांनी सुरुवातीचा वेग कधीच गमावला आणि ते परत एकत्र आले. आकाशगंगा, सूर्यमाला आणि पृथ्वी ही अशा परत आलेल्या धुळीची बनली आहेत. शेजारची देवयानी दीर्घिका तर सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडेच येत आहे. एकमेकांच्या सापेक्ष स्थिर असलेले दोन दगड जवळ ठेवले, तर विश्व प्रसरण पावत आहे म्हणून ते दूर जाऊ लागत नाहीत.

तरीही, मांड्याचे चित्र शब्दशः खरे मानले आणि जमीनही ताणली जाते असे धरले, तर १०० मीटर रुंदीचे शेत वर्षाला सुमारे ७ नॅनोमीटरने वाढायला हवे, म्हणजे केसाच्या जाडीइतकी जमीन मिळायला दहा हजार वर्षे लागतील. प्रत्यक्षात तेवढीही मिळत नाही. त्यामुळे एखाद्या पावसाळ्यानंतर बांध हातभर सरकलेला दिसलाच, तर त्याची शासकीय मोजणी मागवावी. दुर्बिणीचा तिथे उपयोग नाही.