परिभाषेची एकवाक्यता (ऑपरेटिंग सिस्टीमच्या दस्तऐवजांतील)

एका संकल्पनेला सर्वत्र एकच संज्ञा आणि एका संज्ञेला एकच अर्थ, हा दंडक ऑपरेटिंग सिस्टीमची माहितीपुस्तके, मदतीची पाने, पडद्यावरचे मेनू आणि त्रुटिसंदेश यांत पाळण्याची पद्धत. ललित लेखनात तोच शब्द पुन्हा पुन्हा आला तर तो दोष मानतात. येथे कारण नसता शब्द बदलणे हाच दोष. मदतीच्या पानात ‘हटवा’ आणि बटणावर ‘काढून टाका’ असेल तर वाचणाऱ्याला त्या दोन क्रिया वाटतात, आणि पुष्कळदा त्या खरोखरच दोन असतात : यादीतून काढून टाकलेला प्रिंटर पुन्हा जोडता येतो, हटवलेली फाईल परत मिळेलच असे नाही.

‘ऑपरेटिंग सिस्टीम’ या संज्ञेपासूनच मराठीत मतभेद आहे. ‘कार्यप्रणाली’, ‘संचालन प्रणाली’ आणि ‘परिचालन प्रणाली’ असे पर्याय आढळतात. हिंदीत ‘प्रचालन तंत्र’ आहे. ‘कार्यप्रणाली’ सर्वांत सुटसुटीत; परंतु काम करण्याची रीत या अर्थाने तो शब्द आधीच रुळलेला आहे. ‘कार्यालयाची कार्यप्रणाली बदलली’ हे वाक्य संगणकांविषयी आहे की आस्थापना शाखेविषयी, ते कळत नाही. म्हणून या नोंदीत ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ हाच शब्द ठेवला आहे.

तत्त्वाचा उगम : आधुनिक परिभाषाशास्त्राचा आरंभ ऑस्ट्रियन अभियंता ऑयगेन व्यूस्टर यांच्या १९३१ मधील प्रबंधापासून धरण्याची रीत आहे. आयएसओ ७०४ हे परिभाषाकार्याच्या तत्त्वांविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक याच परंपरेतले. भारतीय अभ्यासकांपैकी काही जण या तत्त्वाचा मागोवा पाणिनीच्या ‘आ कडारादेका संज्ञा’ (१.४.१) या सूत्रापर्यंत नेतात. या सूत्रापासून २.२.३८ पर्यंतच्या भागात एका घटकाला एकच संज्ञा लागू व्हावी, असा त्याचा आशय. साम्य लक्षणीय आहे, तथापि सूत्राचा अधिकार त्या भागापुरताच आहे, आणि एकाच घटकावर दोन संज्ञा येऊ पाहतात तेव्हाचा पेच सोडवणे हे त्याचे काम आहे. संज्ञेला दुसरा अर्थ नसावा, ही व्यूस्टरप्रणीत दुसरी अट त्यात नाही. त्यामुळे त्याला पूर्वसूरी म्हणणे अधिक सुरक्षित, उगम म्हणणे धाडसाचे. व्याकरणात ‘परिभाषा’ म्हणजे सूत्रांचा अर्थ लावण्याचा नियम; आज ज्याला आपण पारिभाषिक शब्द म्हणतो त्याला तेथे ‘संज्ञा’ म्हणतात, हेही येथे लक्षात ठेवावे.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या क्षेत्रात : युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. नाव, वापराचे रूप, वर्णन, संबंधित फायली, उणिवा अशी ठरावीक शीर्षके तिच्यात प्रत्येक पानावर होती. युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमांसाठीच्या १९८८ च्या पॉझिक्स मानकाने संज्ञांच्या व्याख्यांना स्वतंत्र स्थान दिले. ‘केलेच पाहिजे’, ‘करावे’ आणि ‘करता येईल’ यांतले बंधनाचे अंतर इंटरनेट मानकांसाठी मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजाने नेमके बांधले. मराठीत मात्र ‘करावे’ हे रूप आज्ञेलाही चालते आणि सल्ल्यालाही, तेव्हा भाषांतरात ते कोणत्या बंधनासाठी राखले आहे हे आधीच सांगावे लागते.

मानके सूक्ष्म बाबतींत एकमेकांशी जुळतातच असे नाही. ‘फाइल सिस्टीम’ हे पॉझिक्समध्ये इंग्रजीत दोन शब्द आहेत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मॅन-पृष्ठांची, म्हणजे मदतीच्या पानांची, लेखनसंहिता ते जोडून लिहायला सांगते आणि ‘सिमलिंक’ या संक्षेपाऐवजी ‘सिम्बॉलिक लिंक’ (दुसऱ्या फायलीकडे नेणारा दुवा) पसंत करते. फायली ज्यात ठेवतात त्यासाठीची ‘डिरेक्टरी’ व ‘फोल्डर’ ही जोडी अधिक परिचित आहे. युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १९६५ मधील आराखड्यात डिरेक्टरी आहे. फोल्डरचे चित्र झेरॉक्स स्टार (१९८१) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांनी पडद्यावर आणले. विंडोज ९५ ने तोच शब्द सर्वसामान्य वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचवला. आज्ञावलीच्या लेखनात डिरेक्टरी टिकून आहे. मराठीत ‘निर्देशिका’ आणि ‘फोल्डर’ एकाच पुस्तिकेत ठेवायचे असतील तर त्यांतला फरक पहिल्याच प्रकरणात सांगणे अपरिहार्य ठरते.

‘नस्ती’, ‘धारिका’, ‘संचिका’, ‘फाईल’ : मराठीतील सर्वांत जुना वाद बहुधा हाच. मंत्रालयात कागदांच्या बांधलेल्या गठ्ठ्याला ‘नस्ती’ म्हणतात. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, तिच्यावर शेरे पडतात. शब्दाची व्युत्पत्ती निर्विवाद नाही. संस्कृतात ‘नस्तित’ म्हणजे नाकातून दोरी ओवलेला (बैल). त्यावरून दोरीत ओवलेले कागद ती नस्ती, असे एक मत. हिंदीतील ‘नत्थी’ शी तिचा संबंध जोडून दोन्ही शब्द ‘नाथ’, म्हणजे वेसण, याकडे नेणारे दुसरे मत. दोन्ही मते अखेर नाक आणि दोरी यांपाशीच येतात. इंग्रजी ‘फाइल’ हा शब्दही लॅटिनमधील ‘धागा’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, कारण पूर्वी कागद धाग्यात किंवा तारेत ओवून ठेवत. दोन दूरच्या भाषांनी एकाच दोरीवरून शब्द घडवावा, हा योग सुंदर आहे. यावरून काहींनी संगणकातील फायलीलाही ‘नस्ती’ म्हणावे असे सुचवले. ते स्वीकारणे कठीण वाटते. मंत्रालयातील एका नस्तीत अनेक कागद असतात, म्हणजे ती संकल्पनेने फोल्डरच्या जवळ जाते. शिवाय कार्यालयीन कामकाज संगणकावर आले की ‘नस्ती उघडा’ या सूचनेचा अर्थ प्रकरण उघडा की फाईल उघडा, हा घोळ होतो. ‘संचिका’ मध्येही संचयाचा, म्हणजे अनेकांचा, भाव आहे. ‘धारिका’ या अडचणीतून सुटते.

‘धारिका’ च्या बाजूने व्याकरणाचाही मुद्दा आहे. तिची रूपे ठरीव आहेत : धारिकेत, धारिकेचे, अनेकवचनही ‘धारिका’ च, केवळ क्रियापद बदलते (‘१ धारिका हटवली’, ‘३ धारिका हटवल्या’). ‘फाईल’ चे तसे नाही. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ लिहिण्याच्या नियमाने ‘फाईल’, उच्चार धरला तर ‘फाइल’. पुढे ‘फाइलीत’ आणि ‘फायलीत’, ‘फाइली’ आणि ‘फायली’. शब्दसूचीत ‘फाईल’ एवढेच नोंदवले असेल तर अक्षरे जुळवून तपासणारे साधन ‘फायलीत’ या रूपाशी येऊन थांबते आणि चूक नसता चूक दाखवते, किंवा असलेली चूक सोडून देते. ‘फोल्डर’ चे लिंगही स्थिर नाही. ‘फोल्डर उघडला’ आणि ‘फोल्डर उघडले’ दोन्ही ऐकू येतात. संदेशात नावाची जागा रिकामी ठेवून पुढे ‘हटवले’ लिहिले, तर त्या जागी फाईल येताच वाक्य मोडते. मराठी शब्दसूचीत म्हणून संज्ञेबरोबर लिंग, सामान्यरूप आणि अनेकवचन ही तिन्ही नोंदली पाहिजेत. नुसत्या प्रतिशब्दांची यादी मराठीला पुरत नाही. एवढे असूनही प्रस्तुत नोंदीत ‘फाईल, फायलीत, फायली’ ही रूपे वापरली आहेत, कारण लोकल गाडीत, बँकेत आणि शाळेत माणसे तोच शब्द बोलतात. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला आधी शब्द शिकवून मग काम करायला लावणे योग्य नव्हे.

सांकेतिक लेखनाचा प्रश्न : दिसायला एकच असलेला शब्द संगणकाला दोन वाटू शकतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र संकेतांक (०९७२) मिळाला. त्यापूर्वी ‘अ’ वर अर्धचंद्र देऊन ते लिहिले जाई, आणि आजही अनेक ठिकाणी तसे लिहिले जाते. परिणामी ‘ॲप’ शोधले असता जुन्या पद्धतीने लिहिलेली पाने सापडत नाहीत. ‘सुऱ्या’ व ‘वाऱ्या’ यांतील रफाराच्या आडव्या रूपाबाबतही असेच द्वैत आहे. ‘अद्ययावत’ च्या जागी ‘अद्यावत’ लिहिणे ही साधी चूक. ती शुद्धलेखन तपासणीत पकडता येते, वरील द्वैत डोळ्यांना दिसतच नाही.

मुंबईतील कार्य : पारिभाषिक शब्द घडवणाऱ्या संस्था मुंबईत एकवटल्या आहेत. भाषा संचालनालय (स्थापना ६ जुलै १९६०) शासकीय व विषयवार परिभाषा कोश तयार करते. मराठी विज्ञान परिषद (१९६६) आणि राज्य मराठी विकास संस्था (१९९२) यांचे कार्यही येथूनच चालते. हे कोश मूलतः कार्यालय आणि अध्यापन यांसाठी आहेत, त्यामुळे बटणावरच्या अरुंद जागेचा विचार त्यांत फारसा आढळत नाही. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने (१९८५, २००३ पासून प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक, मुंबई) ‘इंडिक्स’ प्रकल्पात लिनक्सला भारतीय लिप्यांचा आधार दिला. पवईच्या आयआयटीत घडलेले मराठी शब्दजाल समानार्थी शब्द एका गटात गोळा करते; पारिभाषिक सूचीचे काम नेमके उलटे आहे, गटातून एक शब्द निवडून बाकीचे वर्ज्य म्हणून नोंदवायचे. तरीही वर्ज्य शब्दांची यादी करायला असे शब्दजाल फार उपयोगी पडते. आयआयटीच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे मराठी पाठ आहेत. तेथे आज्ञा टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, असते तशीच ठेवावी लागते, भोवतीचे विवेचन तेवढे मराठीत.

२००८ मध्ये सुरू झालेल्या फ्युएल प्रकल्पाने डेस्कटॉपवर वारंवार येणाऱ्या शब्दांची सूची करून प्रत्येक भाषेने आधी तेवढे शब्द निश्चित करावेत, ही पद्धत मांडली. मराठीतही तसे काम झाले. पद्धत साधी आहे आणि टिकाऊ ठरली आहे. ‘पासवर्ड’ साठी एकेकाळी ‘परवलीचा शब्द’, ‘संकेतशब्द’ आणि ‘गुप्तशब्द’ असे तीन पर्याय नांदत होते. अलीकडे ‘पासवर्ड’ च स्थिरावला आहे. ‘कर्नल’ चे तसे झालेले नाही. सैन्यातील हुद्दा आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा या दोहोंसाठी तो लिहिला जातो. गाभ्यासाठी ‘कर्नेल’ लिहून फरक राखणारे लेखक आहेत, आणि तीच रीत इष्ट वाटते.