दोन घ्राणमार्ग आणि त्यांच्यामधली पुसट रेषा

सस्तन प्राण्यांना गंध कसा कळतो, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर बराच काळ एका ठळक विभागणीवर उभे होते. नाकाच्या वरच्या भागातील घ्राणपटलाने भोवतालचे सर्वसाधारण वास ओळखायचे आणि नाकाच्या पडद्याच्या तळाशी असलेल्या एका नळीवजा इंद्रियाने स्वजातीयांकडून आलेले रासायनिक संदेश, म्हणजेच फेरोमोन, टिपायचे, अशी ही वाटणी होती. ती सोयीची आहे आणि काही अंशी खरीही आहे. पण तिचा उगम कोण्या एका निर्णायक प्रयोगात सापडत नाही. शरीररचनाशास्त्र, कीटकांचे रसायनशास्त्र आणि उंदरांचे प्रजनन या एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या तीन अभ्यासधारा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र आल्या, तेव्हा ती आकाराला आली.

यांतली सर्वांत जुनी धारा डॅनिश शल्यवैद्य लुडविग याकोबसन यांच्यापासून सुरू होते. १८१३ साली त्यांनी अनेक सस्तन प्राण्यांच्या नाकातील या इंद्रियाचे तपशीलवार वर्णन केले आणि पुढे ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. घोडा किंवा बैल माजावर आलेल्या मादीचे मूत्र हुंगून वरचा ओठ मुडपतो, ती हालचाल या इंद्रियापर्यंत द्रवाचे अंश पोहोचवण्यासाठी असते, हे आज सर्वमान्य आहे. याकोबसन यांच्या काळी मात्र इंद्रिय दिसत होते, त्याचे काम दिसत नव्हते, आणि ही स्थिती शंभराहून अधिक वर्षे टिकली.

दुसरी धारा रेशमाच्या पतंगांची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे ५ लाख माद्यांच्या गंधग्रंथींतून काही मिलिग्रॅम पदार्थ वेगळा काढला आणि १९५९ साली नर पतंगांना आकर्षित करणाऱ्या या पदार्थाची, ‘बॉम्बिकॉल’ची, ओळख जाहीर केली. त्याच वर्षी पेटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी ‘फेरोमोन’ हा शब्द सुचवला: एका प्राण्याने शरीराबाहेर सोडलेला आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यात ठरावीक वर्तन किंवा ठरावीक शारीरिक बदल घडवणारा पदार्थ. ही व्याख्या कीटकांना चपखल बसते, कारण एकच रेणू आणि त्याला मिळणारा एकच ठाम प्रतिसाद असे नाते तिथे दाखवता येते. शिकणारे आणि अनुभवाने वर्तन बदलणारे सस्तन प्राणी त्या मापात बसवताना पुढे जी ओढाताण झाली, तिचे मूळ या व्याख्येतच आहे.

१९५९ हेच वर्ष तिसऱ्या धारेतही महत्त्वाचे ठरले. नुकतेच मीलन झालेल्या मादी उंदराला अनोळखी नराचा सहवास घडला, तर तिचा गर्भ रुजत नाही, असे ब्रिटिश संशोधक हिल्डा ब्रूस यांनी दाखवले. त्याआधी नेदरलँड्समध्ये ली आणि बूट यांनी एकत्र कोंडलेल्या माद्यांचे ऋतुचक्र बिघडते हे नोंदवले होते, तर व्हिटन यांनी नराच्या गंधाने ते पुन्हा सुरू होऊन जुळून येते हे दाखवले होते. गंधाचा परिणाम थेट संप्रेरकांवर होतो, एवढे यातून स्पष्ट झाले. तो कोणत्या वाटेने होतो, हे अद्याप कळायचे होते.

ती वाट १९७० च्या दशकात सापडल्यासारखी वाटली. सारा विनान्स आणि फ्रँक स्कॅलिया यांनी दाखवले की याकोबसन इंद्रियाचे चेतातंतू ज्या दुय्यम घ्राणकंदात (घ्राणकंद म्हणजे गंधसंदेश प्रथम स्वीकारणारा मेंदूचा भाग) जातात, तिथून निघणारी वाट अमिग्डालाच्या, म्हणजे भावना आणि सहजवर्तनाशी निगडित मेंदूकेंद्राच्या, वेगळ्याच भागात पोहोचते. मुख्य घ्राणकंदाची वाट तिच्यात मिसळत नाही. अमिग्डालाच्या या भागाचा हायपोथॅलॅमसशी, म्हणजे प्रजननाच्या नियंत्रणकेंद्राशी, निकटचा संबंध असल्याने ‘दोन नाके, दोन कामे’ ही कल्पना लगेच रुजली. वास्तविक १९७५ साली पॉवर्स आणि विनान्स यांनी नर हॅम्स्टरवर केलेल्या प्रयोगातच सावधगिरीचा इशारा होता. केवळ याकोबसन इंद्रियाचे तंतू तोडले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश नरांचेच मीलनवर्तन गंभीरपणे बिघडले. दोन्ही वाटा तोडल्यावर मात्र ते सर्वच नरांमध्ये थांबले. माझ्या मते या निष्कर्षाचा पुरेसा अर्थ त्या वेळी लावला गेला नाही.

रेणूंच्या पातळीवरचा उलगडा १९९१ साली सुरू झाला. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी उंदीरवर्गात सुमारे १,००० जनुकांचे एक प्रचंड कुटुंब शोधले. त्यातील प्रत्येक जनुक एकेका गंधग्राही प्रथिनाचा आराखडा असतो. प्रत्येक घ्राणपेशी साधारणपणे एकाच प्रकारचे ग्राही प्रथिन धारण करते आणि समान ग्राही असलेल्या पेशींचे तंतू घ्राणकंदातील ठरावीक गुच्छांत एकवटतात, त्यामुळे गंध मेंदूत एका नकाशासारखा उमटतो. या कार्याला २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅथरीन ड्युलॅक यांनी अ‍ॅक्सेल यांच्यासोबत १९९५ साली याकोबसन इंद्रियातील ग्राहींचे पहिले कुटुंब शोधले. ते मुख्य घ्राणपटलातील ग्राहींहून अगदी निराळे निघाले. विभागणीला आता जनुकीय पुरावाही मिळाला होता.

ती डळमळली ती नंतरच्या दशकात. याकोबसन इंद्रियाच्या पेशींना संदेश पाठवण्यासाठी लागणारे टीआरपीसी२ हे जनुक काढून टाकलेले नर उंदीर मीलन सोडून देतील, अशी अपेक्षा होती. २००२ साली प्रत्यक्षात दिसले ते असे, की हे नर मीलन करत राहिले, पण नर आणि मादी यांत फरक करेनासे झाले आणि परक्या नरावर हल्ला करेनासे झाले. उलट मुख्य घ्राणपटलाची संदेशवहन यंत्रणा निकामी केलेले नर मीलनही करीनात आणि भांडेनातही. सशाच्या मादीच्या दुधातील जो एक रेणू पिल्लांना स्तन शोधायला लावतो, तो २००३ साली ओळखला गेला आणि तो मुख्य मार्गानेच टिपला जातो. डुकराच्या लाळेतील अँड्रोस्टेनोनने मादी मीलनासाठी स्थिर उभी राहते, तेही याकोबसन इंद्रियावाचून घडते. याउलट उंदराच्या मूत्रातील ‘डार्सिन’ हे प्रथिन हवेत उडत नाही; त्याला स्पर्श होईल इतके जवळ जाऊन हुंगावे लागते. त्याच्या प्रभावाने मादी त्या नराचा उडणारा वासही लक्षात ठेवते, म्हणजे एका वाटेने आलेला संदेश दुसऱ्या वाटेला धडा शिकवतो.

माणसाबाबतचा वाद याच पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. आपल्यातील टीआरपीसी२ जनुक निकामी आहे, प्रौढांमध्ये दुय्यम घ्राणकंद आढळत नाही आणि नाकात दिसणाऱ्या याकोबसन इंद्रियाच्या खुणेला मेंदूशी जोडणारे तंतू सापडलेले नाहीत. एकत्र राहणाऱ्या स्त्रियांची मासिक पाळी जुळून येते, हा मार्था मॅक्लिंटॉक यांचा १९७१ मधील निष्कर्ष पुढील सांख्यिकीय तपासणीत टिकलेला नाही. तरीही केवळ इंद्रिय लुप्त झाले म्हणून मानवी फेरोमोन अशक्य ठरत नाहीत. सशाचे उदाहरण तो मार्ग मोकळा ठेवते. मात्र कार्लसन आणि ल्यूशर यांच्या व्याख्येला उतरणारा एकही मानवी पदार्थ अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही, आणि फेरोमोनच्या नावाने विकली जाणारी अत्तरे या रिकाम्या जागेवरच उभी आहेत.