मेंढ्याच्या रक्तात दडलेली जुळी

कागलजवळ ऊस तुटून गेलेल्या एका रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. संध्याकाळी मेंढरांभोवतीच्या वाघरीच्या जाळीजवळ बोलत उभा होतो, तेव्हा धनगरवाड्यावरच्या आबांनी मोबाईल पुढे केला. व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आलेला मेसेज होता: ‘जनुक बदललेल्या मेंढ्या आल्या आहेत, मटण खाऊ नका.’ आबांना त्या मटणाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, “सर, वेताला दोन कोकरं देणारी मेंढी खरंच हाय का?”

आहे. आणि तिचं जनुक कुणी प्रयोगशाळेत बदललेलं नाही. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची अगदी लहान चणीची मेंढी आहे, तिला जुळी-तिळी होणं नेहमीचं. आपली दख्खनी मेंढी अंगाने तिच्या दुपटीहून मोठी, पण बहुतेक वेळा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990च्या दशकात या दोन जातींचा संकर सुरू केला. संकराची पिल्लं अंगाने बारीक निघणार हे उघड होतं. म्हणून पुढच्या पिढ्या पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवायच्या, म्हणजे अंग दख्खनीचं येईल. पण जुळ्यांचं जनुक मात्र वाटेत हरवू द्यायचं नाही.

अडचण इथेच आहे. जुळी देते मेंढी, पण कळपात जनुक पसरवतो मेंढा, आणि मेंढ्याला अंडाशयच नसतं. त्याच्याकडे हे जनुक आहे की नाही, हे कळायला त्याच्या लेकी वाढून विण्याची वाट बघावी लागते. दोन-तीन वर्षं त्यात जातात. वराहपालनातही हेच दुखणं आहे. तिथे वेतातल्या पिल्लांच्या संख्येत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम दहावा हिस्सा आनुवंशिकतेचा असतो, बाकी खाणं, वय, निगा. म्हणून 1996 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना डुकरांच्या इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या (इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकात जास्त पिल्लांशी जुळणारी खूण सापडली तेव्हा केवढा आनंद झाला! चीनच्या मेशान जातीचं रक्त असलेल्या कळपात ही खूण दुहेरी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलेली, असलेल्या माद्यांना, ती अजिबात नसलेल्यांपेक्षा पहिल्या वेतात सरासरी 2.3 पिल्लं जास्त झाली. पण दुसऱ्या काही कळपांत तीच खूण चाललीच नाही. खरं कारण शेजारच्या भलत्याच जनुकात असेल, तर खूण आणि कारण यांची जोडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरमिसळीत तुटू शकते. ‘डीएनए टेस्टेड’ एवढ्या पाटीवर जनावराला दुप्पट पैसे मोजण्याआधी हे विचारावं: ही नुसती खूण आहे, की कारण?

मेंढीच्या बाबतीत कारणच हाती लागलं. 2001 साली तीन गटांनी वेगवेगळं काम करून एकाच जनुकावर बोट ठेवलं. त्याचं नाव बीएमपीआर-1बी. त्यातलं 746वं अक्षर ए ऐवजी जी झालं, की प्रथिनातल्या 249व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन बसतं. बदल एवढाच. तो आधी सापडला ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढीत, आणि नंतर कळलं की गारोळमध्येही हाच बदल आहे. 1790च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने सिडनीला बंगाली मेंढ्या गेल्याच्या नोंदी आहेत!

एका अक्षराने जुळी कशी होतात, हा मला यातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. मेंढीच्या अंडाशयात दर खेपेला बऱ्याच पुटिका वाढू लागतात. पुटिका म्हणजे अंडपेशी आणि तिच्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशींचा थर. वाढीला एफएसएच हे संप्रेरक लागतं. एक पुटिका पुढे निघते, मोठी होते, इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन ही संप्रेरकं सोडते. तो निरोप मेंदूकडे पोचला की एफएसएच कमी होतं आणि मागे राहिलेल्या पुटिका उपाशी मरतात. पुढची मात्र तोवर एलएच या दुसऱ्या संप्रेरकावर जगायला शिकलेली असते. बदललेल्या जनुकाच्या मेंढीत पुटिका लहान असतानाच पक्व होतात, एलएचला लवकर दाद देतात. लहान पुटिकेत पेशी कमी, म्हणून तिचा निरोपही क्षीण. तशा दोन-तीन पुटिकांचा मिळून निरोप एका मोठ्या पुटिकेएवढा होतो, आणि तेव्हाच मेंदू एफएसएच आवरतो. तोवर दोन-तीन अंडी तयार! मेंदूला मिळणारा निरोप तेवढाच, फक्त तो देणाऱ्या पुटिका जास्त.

हे एकदा समजलं की जोडकेळं खाल्ल्याने जुळी होतात, किंवा मेंढीच्या गळ्यात मंतरलेला दोरा बांधला की दोन कोकरं होतात, असल्या समजुतींना जागाच उरत नाही. त्या दोऱ्याचे पैसे घेणारा माणूस धनगराच्या कष्टाचे पैसे लुबाडतो, हे मी त्या वाड्यावरही बोललो.

तपासणीला थेंबभर रक्त पुरतं. जनुकाच्या 190 अक्षरांच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या आणि त्यावर अ‍ॅव्हा-टू हे विकर सोडायचं. बदल असेल तिथेच ते कापतं. मग तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर 190चा एकच पट्टा आला तर बदल नाही. फक्त 160चा आला तर बदल दुहेरी. दोन्ही आले तर एकेरी. कोकरू आठवड्याचं असतानाच उत्तर मिळतं, मग तो नर असो की मादी.

“मंजे मेंढाच बघून घ्यायचा,” आबा म्हणाले. बरोबर. दुहेरी बदलाचा मेंढा लावला तर त्याच्या प्रत्येक लेकीकडे निदान एक प्रत येणारच. आबा थोडा वेळ गप्प राहिले. चुलीशेजारी चार दिवसांचं एक कोकरू टोपलीखाली झाकलं होतं. त्याची आई आटली होती, म्हणून आबांची सून त्याला बाटलीने दूध पाजत होती. तिकडे बघत ते म्हणाले, “दोन झाली तर वल्ला चारा दोन म्हैनं जादा बघाय पायजे. मेंढा पावसाळ्यात लावावा का उन्हाळ्यात, ते आधी सांगा.”

मेंढीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा. ओल्या चाऱ्याचे महिने कोणते, ते आबा मला सांगू लागले, आणि आम्ही तिथून उलटं मोजायला बसलो.