'कुंकू'मधील घड्याळाआधी

व्ही. शांताराम दिग्दर्शित 'कुंकू' (१९३७) या चित्रपटातील भिंतीवरचे जुने घड्याळ म्हणजे त्यातील वृद्ध वकील काकासाहेब यांचे सरत चाललेले वय, हा अर्थ आता इतका रूढ झाला आहे की तो पडद्यावर कसा साधला गेला, हे सहसा कोणी विचारत नाही. ते समजून घ्यायचे तर 'कुंकू' जिथे घडला त्या पुण्याहून मागे कोल्हापूरला आणि बोलपटाकडून मागे मूकपटाकडे जावे लागते.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी स्वतःचा कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला होता. आनंदराव १९१६ मध्ये वारले, तरी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी तो कॅमेरा १९१८ मध्ये पूर्ण केला. चित्रकाराची नजर लाभल्याने प्रकाश आणि अंधार यांतून प्रसंगाचा भाव उभा करता येतो, हे त्यांना उमगले होते. सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याची कथा सांगणाऱ्या 'सावकारी पाश' (१९२५) या त्यांच्या मूकपटातील अंधूक उजेडातली झोपडी आणि तिथे रडणारे कुत्रे हे दृश्य जाणकारांनी पुढे वर्षानुवर्षे आठवणीत जपले. त्यातले रडणे कानाला ऐकू येत नव्हते. ते डोळ्यांनीच ऐकायचे होते. त्या चित्रपटात तरुण शेतकऱ्याची भूमिका करणारे व्ही. शांताराम ही शिकवण पुढे घेऊन गेले, असे मला वाटते.

दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह शांताराम यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास हलवली. प्रभातचा 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करण्याच्या निमित्ताने त्याच सुमारास ते जर्मनीला जाऊन आले. पुण्यात तयार झालेल्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) धर्मांध राजगुरूच्या एका डोळ्याने सारा पडदा व्यापलेला दिसतो. नाटकाच्या शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला नटाचा डोळा असा कधीच दिसला नसता, आणि म्हणूनच रंगभूमीच्या सवयींपासून चित्रपट किती दूर आला होता, हे त्या एका क्लोज-अपमधून कळते. धर्मांधता पाहते कशी, हे तिथे संवादावाचून सांगितले आहे.

दरम्यान बोलपट आला होता. आवाजाच्या नवलाईत गाणी आणि संवादांचा भडिमार होत असताना 'कुंकू'मध्ये शांताराम यांनी पार्श्वसंगीत वगळले आणि प्रसंगात स्वाभाविकपणे उमटणारे आवाजच तेवढे ठेवले. घड्याळाचे मर्म या निर्णयात आहे. मागे वाद्ये वाजत असती तर लंबकाची टिकटिक त्यांत बुडाली असती, किंवा तिचा अर्थ संगीतानेच आधी सांगून टाकला असता. इथे ती प्रथम त्या घराचा साधा आवाज म्हणून कानावर पडते; वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा आणि तो नवरा यांच्यातील अबोला वाढतो, तसतशी ती जड होत जाते.

घड्याळ केवळ काकासाहेबांचे मानणे मात्र मला अपुरे वाटते. तीच टिकटिक नीराही ऐकत असते, आणि तिच्या बाजूने ऐकली तर त्या घरात वाया चाललेले तिचे तारुण्यही त्याच लंबकावर मोजले जात असते.